विरुधुनगरचा निकाल

द्वितीय वर्ष, कला

१९६७ सालचा फेब्रुवारी महिना. मद्रास राज्याच्या विधानसभेची निवडणूक नुकतीच पार पडली होती. मतपेट्या उघडल्या जात होत्या आणि दक्षिणेकडील विरुधुनगर या व्यापारी गावाकडे साऱ्या देशाचे लक्ष लागले होते. तेथे उमेदवार होते कुमारस्वामी कामराज. काँग्रेसचे अखिल भारतीय अध्यक्ष, नऊ वर्षे मद्रासचे मुख्यमंत्री राहिलेले आणि देशाचे दोन पंतप्रधान निवडण्यात ज्यांचा सर्वांत मोठा हात होता असे पुढारी. गावही परके नव्हे, त्यांचे स्वतःचे जन्मगाव. त्यांच्याविरुद्ध उभा होता विद्यार्थी चळवळीतून पुढे आलेला, द्रविड मुन्नेत्र कळघम या पक्षाचा एक तरुण, पी. सीनिवासन. निकाल लागला. सीनिवासन यांना ३३,४२१ मते पडली आणि कामराज यांना ३२,१३६. देशाचे राजकारण हलविणारा माणूस आपल्याच गावात १,२८५ मतांनी पडला!

गेल्या वर्षी राज्यशास्त्राच्या तासाला आमच्या सरांनी हे आकडे फळ्यावर लिहिले आणि एक प्रश्न विचारला. ज्या माणसाने राज्यातील गोरगरिबांच्या मुलांना शाळेत आणले, त्यांना दुपारचे जेवण दिले, त्यालाच लोकांनी पाडले. मग लोक कृतघ्न होते असे म्हणायचे काय? वर्गात शांतता पसरली. मीही मान खाली घालून बसले. माझ्यापाशी उत्तर नव्हते असे नाही. दोन उत्तरे होती आणि ती एकमेकांशी भांडत होती.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. आबांना, म्हणजे माझ्या आजोबांना, अक्षरओळख नाही. बाबांची शाळा सातवीत सुटली. मतदानाच्या बाबतीत आबांचा कायदा साधा आहे. ज्याने आपली नड भागवली, त्याचे मीठ आपण खाल्ले, मत त्याचेच. या कायद्याने पाहिले तर विरुधुनगरच्या लोकांनी मोठेच पाप केले. पण माझे मन ते मानायला तयार होईना. म्हणून ग्रंथालयात बसून मी कामराज यांचे चरित्र वाचायला घेतले. त्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

कामराज यांचा जन्म १५ जुलै १९०३ रोजी विरुधुनगर येथे झाला. त्या वेळी गावाचे नाव विरुधुपट्टी असे होते. घराणे नाडार समाजाचे. ताडाच्या झाडावर चढून रस काढणे, त्याचा गूळ करणे हा या समाजातील पुष्कळांचा परंपरागत धंदा. एके काळी अनेक मंदिरांची दारे त्यांना बंद होती. पण विरुधुनगरचे नाडार व्यापारात शिरले आणि त्यांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. आपल्या मुलांसाठी त्यांनी स्वतःची शाळा काढली. घरोघरची बाई स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ बाजूला काढून ठेवी. तो तांदूळ गोळा होई आणि त्यातून शाळेचा खर्च चाले. याच मूठभर तांदळाच्या शाळेत छोटा कामराज शिकला. पुढे त्याच्या हातून जे कार्य घडले, त्याचे बी कदाचित तेथेच रुजले असावे.

पण शाळेचे भाग्य त्याला फार दिवस लाभले नाही. तो सहा वर्षांचा असताना वडील वारले. आई शिवकामी अम्माळ यांनी अंगावरचे दागिने मोडले, ते पैसे एका व्यापाऱ्याकडे ठेवले आणि त्यांच्या व्याजावर संसार चालविला असे सांगतात. बाराव्या वर्षाच्या आसपास कामराज यांचे शिक्षण थांबले आणि ते मामाच्या दुकानात कामाला बसले. एकदा सुटलेली शाळा पुन्हा कधी मिळाली नाही. मात्र दुकानात बसल्या बसल्या वर्तमानपत्रे ऐकण्याची आणि गावातील सभांना जाण्याची गोडी लागली. १९१९ साली जालियनवाला बागेत हत्याकांड झाले, त्या वेळी ते पंधरा-सोळा वर्षांचे होते. त्या बातमीने त्यांना दुकानातून उठविले आणि काँग्रेसच्या कामात आणून सोडले.

यापुढची पंचवीस वर्षे म्हणजे खेडोपाडी पायपीट आणि तुरुंग. १९३० साली राजगोपालाचारी यांनी वेदारण्यम येथे मिठाचा सत्याग्रह केला, त्यात कामराज पकडले गेले. एकूण सहा वेळा त्यांना तुरुंगवास घडला. सारे दिवस मोजले तर ते आठ वर्षांच्या वर जातात. इंग्रजीची ओळख झाली तीही बरीचशी तुरुंगात, पुस्तके आणि वर्तमानपत्रे वाचून. लग्न त्यांनी केलेच नाही. सत्यमूर्ती हे त्यांचे राजकारणातील गुरू. १९४० साली तामिळनाडू काँग्रेसच्या अध्यक्षपदाची निवडणूक झाली, तेव्हा कामराज अवघ्या तीन मतांनी निवडून आले. पुढे १९४१ साली, ते तुरुंगात असतानाच, विरुधुनगरच्या नगरपालिकेने त्यांना आपले अध्यक्ष निवडले. सुटून आल्यावर ते सभेला गेले आणि त्यांनी राजीनामा दिला. ज्या पदाला आपण पुरा वेळ देऊ शकत नाही ते अडवून बसू नये, असे त्यांचे मत होते. पदाविषयीची ही अलिप्तता पुढे साऱ्या देशाला दिसायची होती.

आपल्या महाराष्ट्राशीही या चरित्राचा एक धागा जुळतो. ऑगस्ट १९४२ मध्ये मुंबईला गवालिया टँक मैदानावर जे ऐतिहासिक अधिवेशन भरले, त्याला कामराज हजर होते. पुढाऱ्यांची धरपकड सुरू झाली होती आणि मद्रासच्या स्थानकावर पोलीस वाट पाहत असणार हे उघड होते. तेव्हा कामराज आधीच अरकोणम येथे उतरले, गावोगावच्या कार्यकर्त्यांना चळवळीचा निरोप पोहोचविला आणि ते काम उरकल्यावर मगच पोलिसांच्या स्वाधीन झाले. या वेळचा तुरुंगवास १९४५ पर्यंत चालला.

स्वातंत्र्य आले. १९५३ साली राज्याचे मुख्यमंत्री राजगोपालाचारी यांनी प्राथमिक शिक्षणाची एक नवी योजना आणली. शाळा थोड्या, शिक्षक थोडे, पैसाही थोडा. म्हणून मुलांनी अर्धा वेळ शाळेत बसावे आणि उरलेल्या वेळात आईबापांचा धंदा शिकावा, अशी ती कल्पना होती. हेतू काटकसरीचा असेल. पण लोकांनी त्यातला अर्थ अचूक ओळखला. न्हाव्याच्या मुलाने न्हावीच व्हायचे आणि ताडावर चढणाऱ्याच्या मुलाने ताडावरच चढायचे असा तो अर्थ होता. राज्यभर विरोध उसळला. राजाजींना पद सोडावे लागले आणि १३ एप्रिल १९५४ रोजी, शाळा अर्ध्यावर सुटलेले कामराज मद्रासचे मुख्यमंत्री झाले. नेतेपदाच्या निवडणुकीत त्यांच्याविरुद्ध उभे राहिलेले सी. सुब्रमण्यम आणि त्यांची बाजू घेणारे भक्तवत्सलम, या दोघांनाही त्यांनी आपल्या छोट्याशा मंत्रिमंडळात सन्मानाने घेतले. राजाजींची ती योजना मात्र त्यांनी तत्काळ रद्द केली.

आता शाळा उघडायच्या होत्या. शिक्षणखात्याचे संचालक सुंदरवडिवेलु यांच्यासारखा तळमळीचा अधिकारी त्यांना लाभला. हजारो नव्या शाळा निघाल्या. पण शाळा काढली म्हणजे मुले येतातच असे नाही, हे कामराज यांच्याइतके दुसऱ्या कोणाला कळणार? ज्या घरात दुपारच्या भाकरीची वानवा, त्या घरातले पोर पाटी घेऊन बसण्यापेक्षा गुरांमागे गेलेले आईबापांना परवडते. म्हणून १९५६-५७ पासून शाळेत दुपारचे जेवण देण्याची योजना सुरू झाली. ही कल्पना अगदी नवी नव्हती. मद्रास महापालिकेने १९२० च्या सुमारास आपल्या शाळांत असा प्रयोग केला होता. पण साऱ्या राज्यातील खेड्यापाड्यांत ती नेण्याचे श्रेय कामराज यांचे. सुरुवातीला सरकारी तिजोरीपेक्षा गावकऱ्यांच्या दातृत्वावरच भिस्त होती. कोणी धान्य दिले, कोणी भाजी, कोणी सरपण. नंतर सरकारने खर्चाचा वाटा उचलला. जागोजागी शाळा सुधार परिषदा भरल्या. त्यांतून लोकांनी बाके, फळे, मुलांचे कपडे, प्रसंगी जमिनीही दिल्या. विरुधुनगरच्या आयाबायांचा मूठभर तांदूळ आता राज्याचा झाला होता.

त्यांच्या कारकिर्दीत धरणे झाली, वैगई व सात्तनूरची कामे पुरी झाली, मद्रासजवळ गिंडी येथे औद्योगिक वसाहत उभी राहिली. पण मुख्यमंत्र्यांचे राहणे पहिल्यासारखेच राहिले. अंगात खादीचा जाडाभरडा सदरा, कमरेला धोतर, बोलणे मोजके. आई विरुधुनगरच्या जुन्या घरातच राहत होती. नगरपालिकेने तिच्या सोयीसाठी घरात खास नळ घेऊन दिला, तो कामराज यांनी काढायला लावला अशी गोष्ट तिकडे घरोघर सांगतात.

१९६३ साली त्यांनी एक विलक्षण विचार मांडला. सत्तेत राहून काँग्रेस सुस्त झाली आहे, तेव्हा वरिष्ठ नेत्यांनी पदे सोडून पक्षाच्या कामाला लागावे, असा. तोच ‘कामराज योजना’ या नावाने प्रसिद्ध झाला. सहा मुख्यमंत्र्यांनी आणि सहा केंद्रीय मंत्र्यांनी राजीनामे दिले. त्यांत लालबहादूर शास्त्री होते, मोरारजी देसाई होते, आपल्या मुंबईचे स. का. पाटील होते. आणि २ ऑक्टोबर १९६३ रोजी, गांधीजयंतीच्या दिवशी, स्वतः कामराज मुख्यमंत्रीपदावरून उतरले. पुढच्याच वर्षी ते काँग्रेसचे अध्यक्ष झाले. मे १९६४ मध्ये पंडित नेहरू गेले, जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंदला शास्त्रीजी गेले. दोन्ही वेळा वारस निवडण्याच्या कामात कामराज अग्रभागी होते. पहिल्या वेळी शास्त्रीजी आणि दुसऱ्या वेळी इंदिरा गांधी पंतप्रधान झाल्या. ते स्वतः त्या खुर्चीत बसण्याच्या भानगडीत पडले नाहीत.

मग विरुधुनगरला झाले काय?

कामराज दिल्लीत गुंतले होते आणि घरचे पाणी तापत होते. २६ जानेवारी १९६५ पासून हिंदी ही केंद्राची राजभाषा व्हायची होती. मद्रास राज्यातील विद्यार्थी कॉलेजे सोडून रस्त्यावर उतरले. लाठीमार झाला, गोळीबार झाला. सरकारी आकड्यांप्रमाणेच सुमारे सत्तर माणसे मेली. स्वतः कामराज यांना हिंदी लादणे पसंत नव्हते. दक्षिणेतील व बंगालमधील अन्य नेत्यांबरोबर त्यांनी तसे जाहीरही केले. पण राज्यात पोलीस पाठविणारे सरकार त्यांच्या पक्षाचे होते आणि दिल्लीचे सरकारही त्यांच्याच पक्षाचे होते. विद्यार्थ्यांनी कोणाकडे बोट दाखवायचे? त्यात भर पडली दुष्काळाची. तांदूळ मिळेना, मिळाला तर परवडेना. द्रमुकने एका रुपयाला तीन मापे तांदूळ देण्याचे आश्वासन दिले. राजाजींच्या स्वतंत्र पक्षापासून मार्क्सवादी कम्युनिस्टांपर्यंत सर्वांना द्रमुकचे नेते अण्णादुराई यांनी एका आघाडीत आणले. १२ जानेवारी १९६७ रोजी लोकांचे लाडके नट एम. जी. रामचंद्रन यांच्यावर गोळी झाडली गेली आणि मानेला पट्टी बांधलेले त्यांचे छायाचित्र भिंतीभिंतीवर झळकले.

निकाल लागला तो असा. २३४ पैकी १३७ जागा एकट्या द्रमुकने जिंकल्या. मतांच्या टक्केवारीत काँग्रेस द्रमुकच्या मागे नव्हती, पण जागा मात्र पन्नासच्या आसपासच राहिल्या. मुख्यमंत्री भक्तवत्सलम पडले. १९५४ पासून सलग आमदार असलेले, १९५७ व १९६२ मध्ये शेजारच्या सात्तूरमधून निवडून आलेले कामराजही पडले. हा वारा केवळ मद्रासचा नव्हता. त्याच सुमारास दक्षिण मुंबईत लोकसभेसाठी उभे असलेले स. का. पाटील यांना जॉर्ज फर्नांडिस यांनी हरविले. पण मद्रासचा पराभव कायमचा ठरला. त्या राज्यात काँग्रेसचा मुख्यमंत्री त्यानंतर पुन्हा झाला नाही.

आता सरांच्या प्रश्नाकडे वळते. मी एक साधी वजाबाकी केली. तेव्हा मतदानाचे वय एकवीस होते. म्हणजे १९६७ साली पहिल्यांदा मत देणारा तरुण, कामराज मुख्यमंत्री झाले तेव्हा आठ वर्षांचा होता. जी पोरे १९५७ साली शाळेच्या ओसरीवर पंगतीला बसली, ती १९६५ साली हायस्कुलात व कॉलेजात होती. मोर्चात घोषणा देणाऱ्यांत, दारोदार प्रचारपत्रके वाटणाऱ्यांत ती असणारच. सारेच काही कामराजांच्या शाळेतून आले नव्हते, हे खरे. रांगेत ताटकळलेल्या गृहिणींचा रागही त्या मतपेटीत होता. पण जो मुलगा अर्धा दिवस शाळा आणि अर्धा दिवस बापाचा धंदा करून मोठा झाला असता, त्याला वर्तमानपत्र वाचून, विचार करून, सरकारला नको म्हणण्याचे बळ आले असते काय? ते बळ ज्यांनी दिले, त्यांच्याच विरुद्ध ते पहिल्यांदा वापरले गेले. याला मी कृतघ्नता म्हणणार नाही. शाळेने आपले काम केले, एवढाच त्याचा अर्थ.

मी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत खिचडी खाऊन शिकले. ताटली धुऊन ओळीत बसायचे, पहिला घास गरम असायचा. ती खिचडी कोणत्या पक्षाची होती हे तेव्हा मला ठाऊक नव्हते आणि आज ठाऊक झाले तरी माझे मत तिच्यापायी गहाण पडलेले नाही. लेकराच्या ताटात वाढलेले अन्न हे कर्ज नव्हे. कर्ज असते तर ते वाढणाऱ्याचा मोठेपणा कोठे उरला?

कामराज यांनी निकाल खळखळ न करता स्वीकारला. ते हरल्याचे कळताच अण्णादुराई यांनाही वाईट वाटले आणि या पराभवाचा जल्लोष करू नये असे त्यांनी आपल्या माणसांना बजावले, असे सांगतात. जानेवारी १९६९ मध्ये नागरकोईलच्या पोटनिवडणुकीत कामराज लाखाहून अधिक मताधिक्याने लोकसभेवर गेले. त्याच वर्षी काँग्रेस दुभंगली आणि ज्या इंदिराजींना त्यांनी पंतप्रधानपदी बसविले, त्यांच्याविरुद्धच्या बाजूला ते उभे राहिले. १९७१ मध्ये नागरकोईलने त्यांना पुन्हा निवडले. पण त्यांच्या शब्दाने दिल्ली हलण्याचे दिवस संपले होते. आणीबाणीचा त्यांना फार मोठा धक्का बसला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी, पुन्हा गांधीजयंतीच्याच दिवशी, मद्रासच्या घरी हृदयविकाराने त्यांचा अंत झाला. मागे राहिले ते थोडे कपडे, काही पुस्तके आणि किरकोळ रक्कम. १९७६ साली त्यांना मरणोत्तर भारतरत्न हा किताब देण्यात आला.

आणि ती दुपारची पंगत? ती मोडली नाही. १९८२ साली तिचा फार मोठा विस्तार केला तो मुख्यमंत्री एम. जी. रामचंद्रन यांनी, म्हणजे १९६७ च्या प्रचारात मानेला पट्टी बांधून भिंतीवर झळकलेल्या त्याच नटाने. १९९५ पासून केंद्र सरकारने ही योजना देशभर नेली आणि ती आमच्या गावच्या शाळेतही आली. १५ जुलै हा कामराज यांचा जन्मदिवस तामिळनाडूत शिक्षण विकास दिन म्हणून पाळला जातो. २००६ मध्ये तो ठरविणारे सरकार द्रमुकचे, म्हणजे त्यांना हरविणाऱ्या पक्षाचेच होते.

हे सारे मी दिवाळीच्या सुट्टीत आबांना सांगितले. ते ओट्यावर बसून ऐकत होते. मी त्यांना समजवायला निघाले होते; त्यांनी मलाच एक प्रश्न विचारला. माणूस पडल्यावर पोरांचे जेवण बंद झाले का? मी म्हटले, नाही, उलट वाढले. आबा बराच वेळ गप्प राहिले. मग, तसे असेल तर लोकांचे फार काही चुकले नाही, एवढे म्हणून ते गोठ्याकडे गेले. सरांच्या प्रश्नाला याहून चांगले उत्तर मला अजून सापडलेले नाही.